रस्त्यापलीकडची प्रत

प्रिय ताई,

हे लिहिताना हात अडखळला, पण तुझ्यासाठी दुसरी हाक मला येत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकायला मी भीत होते, तेव्हा तूच हात धरून आत नेलंस. म्हणालीस, धाकटे, यंत्रं चावत नाहीत, माणसं चावतात. किती हसलो होतो!

हॉस्पिटलच्या सगळ्या स्कॅनची साठवण कशी उभारायची, हे आपल्याला सुचवायचं होतं. सर्व्हरच्या दोन्ही रांगा तळघरात, की पहिलीची प्रत ठेवणारी दुसरी रांग रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत? तळघराचं काम झटपट होणार होतं. पलीकडे केबल न्यायची तर परवानगीलाच चार महिने. तरी मी अडून बसले. एक डिस्क बिघडली तर शेजारची सांभाळून घेते, पण खोलीच बुडाली तर शेजारीण काय करणार? तेव्हाच तुला बाबांचं सांगितलं होतं. घरात शाळेत गेलेली मी पहिली. छप्पर गळायचं, म्हणून माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेची एक प्रत बाबा आत्याकडे ठेवायचे. म्हणायचे, मला कोरडी अक्षरं वाचता येत नाहीत, पण भिजलेली तुलाही येणार नाहीत. ऐकून तुझे डोळे भरून आले होते. अहवालात आपण जुनी इमारतच लिहिली, दोघींनी सह्या केल्या. मी नेऊन देते, तू घरी जा, डोळे बघ कसे सुजलेत, असं म्हणालीस. पुढे वरच्यांनी ऐकलं नाही म्हणालीस, तेव्हा मीच तुझी समजूत घातली.

सोमवारी तळघरात पाइप फुटला आणि दोन्ही रांगा एकदमच गेल्या. काल चौकशी समितीने अहवाल माझ्यापुढे ठेवला. पहिलं पान आपलं, सह्यांचं शेवटचं पानही आपलं. मधलं पान मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यात तळघराची शिफारस. आणि तू टेबलाकडे बघत म्हणालीस, हिशोब सगळा हिने केला, मी विश्वासाने सही केली. तळघरामुळे या साठवणीच्या उद्घाटनाची तारीख गाठली म्हणून तुला विभागप्रमुख केलं होतं, हे मला जिना उतरताना आठवलं.

आज वॉर्डात एका बाईने मला थांबवलं. तिच्या मुलीच्या डोक्यातली गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्या स्कॅनशिवाय डॉक्टरांना सांगता येत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, पुन्हा एकदा नीट बघा ना, म्हणाली. मी काय बघणार होते, ताई?

तिथून मी तडक आत्याकडे गेले. सह्या झाल्या त्याच दिवशी मी अहवालाची एक प्रत तिच्याकडे ठेवली होती. तुझ्यावर संशय म्हणून नाही गं, घरची सवय. तिन्ही पानं कोरडी आहेत. उद्या अकरा वाजता मी समितीपुढे जाणार आहे. तू दहालाच जाऊन स्वतः सांगितलंस, तर ती प्रत मला पिशवीतून काढावी लागणार नाही. एवढ्यासाठीच लिहिलं. चावणारं माणूस तूच निघशील असं वाटलं नव्हतं.

सवय मोडेपर्यंत तरी तुझीच,
धाकटी