सत्तेचाळीस नंबरचा माड

मंगळवार, १५ नोव्हेंबर १९८८, रत्नागिरी

बागेतला सत्तेचाळीस नंबरचा माड वीज पडून मेला, म्हणून सकाळी मी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यातून त्याची ओळच काढून टाकली. तर नारळांच्या सरासरीच्या जागी नुसतं 'एरर'. सूत्र त्याच ओळीतला आकडा शोधतंय, हे कळायला दुपार झाली. एवढं साधं सुचू नये मला?

ओळ परत घातली, सूत्र नव्याने लिहिलं, सत्तेचाळीसपुढे शून्य टाकलं. सरासरी आली, पण थोडी कमी. बागेची वही वर्षानुवर्षं ठेवणारे दत्तारामकाका मागे उभे होते. त्यांच्या वहीत मेलेल्या माडाचं घर कोरं असतं.

"शून्य नको, बाय. शून्य म्हणजे माड उभा हाय, पण नारळ नाय."

शून्य पुसून घर कोरं सोडलं; मशीनने तो माड मोजलाच नाही. सरासरी काकांच्या वहीशी जुळली. हा फरक मशीनलाही ठाऊक होता, मलाच नव्हता.