इस्क्राच्या शोकपत्रकावरचं नाव

रुसे, ऑक्टोबर

प्रिय मिल्का,

तुझ्या बहिणीला जाऊन सहा महिने झाले. तू वार्नाला परत गेलीस, पण तुम्ही छापलेलं शोकपत्रक अजून आमच्या इमारतीच्या दारावर आहे. इस्क्राचा फोटो, खाली बहीण, मेहुणे, भाचा आणि शेवटी ‘एक मैत्रीण’. अख्खा जन्म तिच्यासोबत एका घरात काढला आणि मी एक मैत्रीण! तेव्हा गप्प बसले, कारण रडू आवरत नव्हतं. आता आवरलंय.

मध्यंतरी पेन्शनच्या कचेरीत गेले होते. इस्क्राने जन्मभर ट्रॉलीबस चालवली. तिच्या पेन्शनचा वाटा मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळायला हवा. खिडकीमागच्या पोरीने विचारलं, “आजी, तुम्ही त्यांच्या कोण?” म्हटलं, “बायको.” बिचारी गोरीमोरी झाली. “तसं नाही चालत हो, आजी. भाडेकरू लिहू का?” म्हटलं, “लिही. आणि हेही लिही, की शेवटी भाडेकरणीनेच तिला चमच्याने भरवलं.” नकार घेऊन बाहेर पडले ती तडक वकीलबाईंकडे गेले. पेन्शन हवीच आहे, हक्काची आहे. पण त्याहून मला ‘बायको’ हा शब्द हवाय.

परवा बाल्कनीत एकटीनेच लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्या आणि तुझी फार आठवण आली. दर वर्षी मिठावरून इस्क्राची नि माझी जुंपायची, आणि तू साली सोलता सोलता म्हणायचीस, “पुरे गं! लग्न झालेली माणसंच अशी भांडतात.” इस्क्रा किती हसायची!

उद्या तिच्या नावाने गोड गहू शिजवून वाटणार आहे. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं शोकपत्रक या वेळी मी छापून घेतलं. छापखानेवाला किरो कुरकुरला, “‘पत्नी’ कसं टाकू? लोक म्हणतील, किरो छापायला चुकला.” म्हटलं, “टाक. चूक माझ्या नावावर.” तिच्या ट्रॉलीच्या प्रत्येक थांब्यावर मी ते स्वतः चिकटवलंय. कचेरीसमोरच्या झाडावरसुद्धा.

त्यात माझ्या नावाखाली तुझं नाव आहे. तुला न विचारता घातलंय. नको असेल तर ये आणि माझ्या डोळ्यांदेखत खरडून काढ. तेवढा धीर होत नसेल, तर पुढच्या महिन्यात कोर्टात माझ्या बाजूने उभी राहा. आम्ही दोघी कशा राहत होतो, हे तिच्या रक्ताच्या माणसाने सांगायला हवं, असं वकीलबाई म्हणतात. भाषण नको. मिरच्या सोलताना म्हणायचीस, तेवढंच सांग.

तुझीच, तू म्हण किंवा म्हणू नकोस,
वहिनी
झ्लातिना