गुहेतल्या सरदाराच्या पायाशी

रेगेन्सबर्ग, रविवार संध्याकाळ, ऑक्टोबर २०१३

आज ईराला घेऊन सीमेपलीकडच्या चेक जंगलातल्या गुहा बघायला गेलो. वाळूच्या दगडात सरदार कोरलेत. देशावर संकट आलं की डोंगरातून उठणारे, चेक लोकांच्या दंतकथेतले. भिंतींवर लोकांची नावंही खूप. मलाही हुक्की आली. घराच्या किल्लीने एका सरदाराच्या पायाशी लेकीचं नाव कोरलं, देवनागरीत. दगड इतका मऊ! मजा वाटली, खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. खाली पडलेली ताजी वाळू बघून मोडक्या जर्मनमध्ये ईरावरच ओरडले, "तू केलंस हे?"

आठ वर्षांची पोर. तिने माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या मुठीत होती. मी मूठ खिशात घातली आणि गप्प राहिलो. का? दंड होईल म्हणून? चारचौघांत शोभा नको म्हणून? किल्ली माझ्याच मुठीत होती, आणि माफी तिने मागितली. "एन्टशुल्डिगुंग."

घरी जेवताना तिच्या आईने, केतकीने विचारलं, "अगं, आज एवढी गप्प का?"

"म्यूडे," ईरा म्हणाली. दमलेय, एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

मग मीच म्हणालो, "सॉरी बाळा, मी बोलायला हवं होतं."

एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी ईरा मराठी शब्द शोधत म्हणाली, "मला नको सांगू, बाबा. त्या आजोबांना सांग."

त्यांना आता कुठे गाठू? निदान केतकीला सगळं सांगितलं, ईरासमोरच. ईरा माझ्याकडे न बघता ऐकत होती.