सकाळचं फडकं

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. माझी तब्येत तशी बरी. गुडघा कुरकुरतो, खोकला गेल्यासारखा वाटतो आणि परत येतो. पेन अडखळतंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मी शाळा अर्ध्यात सोडली तेव्हापासून तू माझं अक्षर सुधारायला बसली आहेस, ते आता काय सुधारणार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसतो आणि कागद पालथा घालून उठतो. तुमच्या फेरीची पद्धत नीट लिहून पाठव, आमच्या गल्लीतही सुरू करायचंय, असं तू लिहिलंस. आणि खाली, ‘माझा भाऊ समाजसेवा करतो असं मी सगळ्यांना सांगते.’ ती ओळ आली की मी पत्र मिटतो.

पद्धत सोपी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं सकाळी उठलं की दाराच्या बाहेरच्या कडीला पिवळं फडकं बांधायचं. आमच्यातलं कुणीतरी जिने चढून फेरी मारतं. फडकं दिसलं की माणूस ठीक, पुढे जायचं. नाही दिसलं तर दार वाजवायचं. संध्याकाळी ज्याचं त्यानं आत घ्यायचं. हे सगळं नर्सबाईंनी बसवलं, त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या.

तुझी भावजय गेल्यावर आणि किल्ल्यांचं दुकान बंद केल्यावर मी कसा झालो होतो ते तुला ठाऊक आहे. डोळे उघडले की परत मिटायचो. उठून करायचं काय? फेरी मिळाली आणि मी पुन्हा दाढी करायला लागलो. जिन्यात लोक म्हणायचे, आले का किल्लीवाले. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे मला या वयात मिळालं. म्हणून तर पुढचं लिहायला हात चालत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहतो. शिवणकाम सुटलं, जीभ मात्र अजून कात्रीसारखी. मला बघितलं की, ‘या फौजदार, म्हातारा आहे की गेला बघून घ्या.’ थंडीत लवकर उठणं त्याच्या जिवावर यायचं, आणि उठला नाही की कुणीतरी दार बडवायचं. एकदा म्हणाला, तू संध्याकाळी चहाला येतोसच, जाताना फडकं तूच बांधून जा, मला जरा झोपू दे. मी हसलो आणि बांधलं. दुसऱ्या दिवशीही बांधलं. मग तो नेमच झाला. खरं सांगू का, मला बरं वाटायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय.

ताई, फेरी मीही मारत होतो, नियम मला पाठ होता.

त्या सकाळी फेरी मास्तरीणबाईंची होती. त्या शाळेतून निवृत्त, माझ्याच मजल्यावर एकट्या राहतात. फडकं बघून त्या पुढे गेल्या. दुपारी शिंप्याच्या खालच्या बिऱ्हाडात छतातून पाणी गळायला लागलं आणि दार उघडायला मलाच बोलावलं. हत्यारांची पिशवी घेऊन मी सगळ्यांच्या आधी वर पोचलो. कडीला माझीच गाठ. ती सोडली, फडकं खिशात कोंबलं आणि मग कुलुपाला हात घातला.

तो सकाळपासून न्हाणीघरात पडून होता. नळ चालू, खुबा मोडलेला. शुद्ध होती. मला बघून पुटपुटला, “आलास का फौजदार.”

तो वाचला. चालेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. मी भेटायला गेलो तर डोळा मारून म्हणाला, मी कुणाला काही बोललो नाही. मला तिथे बसवेना.

नर्सबाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, फडकं नव्हतं तर दार का वाजवलं नाही? मास्तरीणबाई म्हणाल्या, होतं, मी पाहिलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं. फडकं माझ्या खिशात होतं. मी खोकलो.

मास्तरीणबाईंनी फेरी सोडली. आता बाहेर निघाल्या की अर्ध्या जिन्यातून परत वर येतात, कुलूप लावलंय का ते ओढून बघायला. एकदा मला थांबवून विचारलं, “किल्लीवाले, मला हल्ली नसलेलं दिसतं का हो?”

मी म्हणालो, वयानं होतं असं. ताई, हे मी म्हणालो.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तूही एकटीच राहतेस. तुझ्या गल्लीतलं कुणीतरी असंच मायेनं तुझं फडकं संध्याकाळी बांधून जाईल, आणि पद्धत तुझ्या भावाची असेल. मी फडकं घेऊन मास्तरीणबाईंच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. त्या फडक्याकडेच बघत होत्या.

“म्हणजे होतं,” एवढंच म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी माझी फेरी काढून मास्तरीणबाईंना दिली. बरोबरच केलं. मी आता नुसता बांधणाऱ्यांतला. सकाळी उठतो, फडकं बांधतो आणि दाराशी खुर्ची घेऊन बसतो. त्या येतात. बाकीच्यांच्या दारावरून फडकं बघून पुढे जातात, ते पावलांवरून कळतं. माझं फडकं समोर असलं तरी दार वाजवतात. मी आतून ‘आहे’ म्हणतो. मग त्या पुढे जातात. दार उघडायची हिंमत अजून झालेली नाही. दाढी मात्र रोज करून बसतो.

हे पत्र तुझ्या गल्लीतल्या लोकांना वाचून दाखव. ‘माझा भाऊ’ म्हणायचं की नाही ते तू ठरव. पण तुझं फडकं सकाळी, उठल्यावर, तुझ्याच हातानं. कुणी कितीही मायेनं म्हणालं तरी.

दाराआडून ‘आहे’ म्हणणारा,
तुझा धाकटा