पडद्याअलीकडच्या खुर्च्या

धाकट्या,

सरकारी इमारतीत मी डायलिसिसची यंत्रं बसवली, तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, सरकार तुझ्या हातात हात देईल, स्वतःच्या खिशात घालणार नाही." तसंच झालं. सरकारचा वाटा थांबला. वर्षभर पदरमोड केली आणि शेवटी हॉलमधल्या पडद्याअलीकडच्या फुकटच्या खुर्च्या बंद केल्या. पलीकडच्या, पैसे भरणाऱ्यांच्या, चालू आहेत.

आई डायलिसिसला पडद्याच्या अलीकडेच बसायची. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंबरोबर तासन्‌तास सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. तिला म्हटलं, "आता पलीकडे चल."

"आणि शिलाईवाली?"

"त्यांचीही सोय करतो."

"आणि तिच्या बाजूचा ड्रायव्हर? त्याच्या बाजूची पोर?"

सगळ्यांना पलीकडे न्यायला मला परवडत नव्हतं.

तेव्हापासून ती घरीच आहे. पाय सुजलेत, धाप लागते. भिंतीपलीकडून मला ऐकू येते. तिची समजूत घालावी तर तूच. पण हे पत्र टाकलं की तू धावत येशील, आणि तुला दारात बघून ती मलाच विचारेल, "शेवटच्या भेटीला एवढ्यात बोलावलंस होय रे त्याला?"

म्हणून टाकवत नाही.

तुझा,
दादा