हात धरण्यासाठी थांबले होते, त्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : पुरुष कक्ष क्र. ३ मधील अपघात-अहवालातील एक इंग्रजी वाक्य मूळ अर्थाप्रमाणे दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) चौकशी समितीचा निर्णय. ३) आस्थापना शाखेचे ‘प्रकरण बंद’ असे पत्र.

महोदय,

१. खाली सही करणारी मी, आपल्या रुग्णालयात सव्वीस वर्षे कक्षसेविका होते. रुग्णांना उठवणे-बसवणे, अंग पुसणे, भांडे देणे, चादरी बदलणे हे माझे काम. गेले चौदा महिने मला तळघरातील कपडे-भांडारात बसवले असून रुग्णाजवळ जाण्यास लेखी मनाई आहे. येत्या तीस तारखेला मी सेवानिवृत्त होत आहे. अहवालात दुरुस्ती फक्त सेवेतील कर्मचाऱ्यालाच मागता येते, असे आस्थापना शाखा सांगते. म्हणून हा शेवटचा अर्ज.

२. घडले ते असे. खाट क्र. १४ वर एक वृद्ध शिंपीकाका होते. त्यांना दम लागत असे. दुपारची जेवणे झाल्यावर मी मळक्या चादरींचे गाठोडे घेऊन चालले होते, तेव्हा ते म्हणाले, “बाई, जरा थांबता का? हात धरा माझा. खाली खाली गेल्यासारखं वाटतंय.” मी गाठोडे जमिनीवर ठेवले (हे नियमाविरुद्ध आहे, मला मान्य आहे) आणि त्यांचा हात धरून उभी राहिले. त्यांच्या बोटाला सुईचे घट्टे होते. काजं हाताने करणारा आता कोणी उरला नाही, असे ते सांगत होते. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. मग परिचारिकाताईंनी मला खाट क्र. २ कडे बोलावले, तिथे रुग्णाला उलटी झाली होती. मी खाटेचा कठडा वर केला आणि गेले. पाव तासाने आवाज झाला. काका पायथ्याकडून उतरायला गेले होते. डोक्याला मार लागला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

३. अपघाताचा अहवाल त्याच पाळीत, घरी जाण्यापूर्वी आणि इंग्रजीतच द्यावा लागतो. माझे शिक्षण नववीपर्यंत. मी सहा ओळी लिहिल्या. तिसरी ओळ होती, ‘आय स्टॉप्ड टू हेल्ड हिज हँड’. थांबले तेही होऊन गेलेले, हात धरला तेही होऊन गेलेले, म्हणून मी दोन्हीकडे भूतकाळ घातला. माझ्या अडाणी बुद्धीला ते बरोबरच वाटले.

४. अहवाल टंकलिखित करताना अभिलेख शाखेतील लिपिकभाऊंना ‘टू’च्या पुढचे ‘हेल्ड’ खटकले. ते खटकणे योग्यच होते. परंतु त्यांनी ‘टू होल्ड’ न करता, ‘स्टॉप’नंतर ‘होल्डिंग’ येते असे कुठेतरी वाचलेले आठवून, ‘आय स्टॉप्ड होल्डिंग हिज हँड’ असे केले. माझी त्यावर सही घेतली. मी वाचले, पण मला फरक कळला नाही. भाऊंच्या मनात वाईट काही नव्हते. पुढे मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, “अहो बाई, तुमचं इंग्रजी मी फुकटात सुधारून दिलं. आभार मानायचे सोडून माझ्याच नावानं खडे फोडताय?”

५. चौकशी समितीने त्या वाक्याचा अर्थ ‘मी त्यांचा हात धरणे सोडून दिले’ असा लावला, आणि तसाच तो होतो. निर्णयात ‘कर्मचाऱ्याने स्वतःच्या लेखी कबुलीनुसार रुग्णाचा आधार काढून घेतला’ असे नमूद आहे.

६. माझी सून शाळेत इंग्रजी शिकवते. निर्णयाची प्रत तिने वाचली आणि मी मूळ काय लिहिले होते ते विचारले. नंतर तिने मला स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून समजावले. “आई, भूतकाळ पहिल्या क्रियापदानं दाखवला, की झालं. ‘टू’च्या पुढचं साधंच ठेवायचं. वाँटेड टू गो. फरगॉट टू लॉक. ट्राइड टू लिफ्ट. आणि स्टॉप्ड टू होल्ड म्हणजे धरण्यासाठी थांबले. तुमचं एकच अक्षर चुकलं होतं हो.”

७. त्यानुसार पहिला अर्ज केला. उत्तर आले की मूळ हस्तलिखित पाहिल्याशिवाय विचार करता येत नाही. दुसऱ्या अर्जात, ते हस्तलिखित कार्यालयाने काढून पाहावे, अशी विनंती केली. उत्तर आले की सुधारित प्रत तयार झाल्यावर मूळ प्रत नष्ट केली जाते. तिसऱ्या अर्जावर मात्र समितीने मला बोलावले आणि, मला हा फरक खरोखर कळतो का हे तपासण्यासाठी, वीस वाक्यांची लेखी परीक्षा घेतली. मी तीन महिने रोज सुनेपुढे बसून अभ्यास केला होता. माझी वीसच्या वीस वाक्ये बरोबर आली. घरी येताना मी बऱ्याच दिवसांनी जिन्यात न थांबता वर चढले.

अकराव्या दिवशी पत्र आले. ‘अर्जदारास दोन्ही रचनांमधील भेद उत्तम अवगत असल्याचे सिद्ध होते. सबब त्यांनी ‘स्टॉप्ड होल्डिंग’ या वाक्यावर समजून-उमजूनच सही केली, असे मानण्यास जागा आहे. प्रकरण बंद.’ महोदय, मी नापास झाले असते तर, जिला फरकच कळत नाही तिची तक्रार कसली, असे लिहिले गेले असते. हे मला परीक्षेआधी सुचले नाही.

८. मला कक्षात परत घ्या, असे मी म्हणत नाही. नऊ दिवसांसाठी कोण घेईल? पण निर्णयाची एक प्रत शिंपीकाकांच्या मुलीलाही गेली आहे. गेल्या महिन्यात त्या वडिलांच्या राहिलेल्या कपड्यांची चौकशी करायला भांडाराच्या खिडकीशी आल्या. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. मीच सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “घट्ट धरला होता ना त्यांनी तुमचा हात? मग सोडवून घ्यावासा का वाटला हो तुम्हाला?” मी व्याकरण सांगायला लागले. ‘टू’ आणि ‘होल्ड’ असे काहीतरी बोलले. त्या ऐकून घेत होत्या, आणि माझे मलाच ऐकवेना. शर्ट आणि चष्मा घेऊन त्या गेल्या.

९. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती कोणत्याही अर्जात मी लिहिली नव्हती. परिचारिकाताईंनी बोलावले तेव्हा काका झोपेत होते, तरी त्यांची मूठ सैल नव्हती. मला त्यांची बोटे एकेक करून उघडावी लागली. म्हणजे लिपिकभाऊंनी चुकून केलेले वाक्यही खोटे म्हणता येत नाही.

तरी माझी नम्र विनंती आहे की अहवालात दोन्ही वाक्ये घालावीत. आधी मी धरण्यासाठी थांबले ते, आणि त्याच्याखाली मी धरणे सोडले ते. दोन्हींवर मी सही करीन. त्याची प्रत त्यांच्या मुलीला पाठवावी. मला नाही पाठवली तरी चालेल.

मंजुरी मिळेल अशा भरवशाने नव्हे, पण तीस तारखेपर्यंत वाट पाहणारी,

आपली नम्र अर्जदार,
(सही)
कक्षसेविका, पुरुष कक्ष क्र. ३
सध्या : कपडे-भांडार, तळघर

दिनांक : २१ नोव्हेंबर

सोबत :
१) चौकशी समितीच्या निर्णयाची प्रत.
२) तीन अर्जांच्या पोचपावत्या.
३) परीक्षेची उत्तरपत्रिका, वीसपैकी वीस.
४) मूळ हस्तलिखित : उपलब्ध नाही.