नारिनहून सरळ पूर्वेला

मी, सुहासिनी असिलबेकोवा, माहेरची दळवी, जन्म बेळगावचा, राहणार कराकोल, किर्गिझस्तान, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकटा दीर झानिबेक सकाळपासून समोर चहा पीत बसला आहे खरा, पण त्याला मराठी येत नाही. म्हणूनच मी मराठीत लिहीत आहे. माझी मुलगी आयझिरेक हिला येते. नोटरीसाठी रशियन प्रत तीच करील.

१. कराकोलचे घर आणि मागची सफरचंदाची बाग आयझिरेकची. त्याला कोणतीही अट नाही. झाडे तिच्या वडिलांनी, म्हणजे माझे पती कै. कुबानिच यांनी लावली. विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे, काकांना विचारू नये.

२. माझी लाकडी पट्टीही तिलाच. कॉन्व्हेंटमध्ये भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर ॲग्नेस यांनी ती मला निरोपाला दिली. "पेन्सिल टेकवलीस की हात डगमगू देऊ नकोस," असे त्या म्हणत. त्यांचा वर्ग, खिडकीतून येणारा पावाचा वास आणि भिंतीवरचा आशियाचा नकाशा मला अजून आठवतो. त्या नकाशावर किर्गिझस्तान वेगळा दाखवलेलाही नव्हता, आणि मी तिथेच जन्म काढला.

३. दोन्ही सायकली, पाने, पंप आणि पंक्चरचे सामान आयझिरेकला. माझ्या सायकलीची चेन नवी आहे. कुबानिचच्या सायकलीचे ब्रेक तपासून घ्यावेत. ते कधीच वेळेवर लागत नसत, आणि त्यालाही कुठे वेळेवर थांबता येत नसे.

४. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे मार्ग. देश पश्चिमेकडून पूर्वेकडे सायकलने ओलांडायचा, सुल्युक्त्यापासून कराकोलपर्यंत. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही हा बेत केला. कुबानिच रस्तेखात्यात होता, त्याला प्रत्येक घाट ठाऊक होता. मी पट्टीने रेघ ओढली आणि त्याने खोडरबर हातात घेतले. आमचा संसार थोडक्यात हा असा.

आधी सगळा एकच देश होता, तेव्हा बात्केनहून ओशला जाणारा रस्ता सरळ होता. मग सीमा आल्या आणि त्याच रस्त्याचा मधला तुकडा परदेशात गेला. आम्ही बसून नवी रेघ काढली. त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही, सीमा काही माझ्या सासरच्यांनी आखल्या नव्हत्या.

तक्रार आहे ती पुढची. जलालाबादहून काझारमान, तिथून नारिन, आणि नारिनहून सरळ पूर्वेला टोसोरची खिंड ओलांडून कराकोलकडच्या मोठ्या सरोवराकाठी उतरायचे, ही माझी रेघ. कुबानिच दर वर्षी ती नारिनला उत्तरेकडे वाकवी, दोलोन घाटावरून कोच्कोरला नेई. कारण कोच्कोरला त्याची माणसे. इथे नातेवाइकाच्या दारावरून पुढे जायचे म्हणजे आत जाऊन निदान भाकरीचा तुकडा मोडायचा, नाहीतर तो अपमान नातवंडांपर्यंत पुरतो. आणि तुकडा मोडला की मेंढी कापली जाते. मेंढी कापली की शेजारचा चुलता म्हणतो, उद्या आमच्याकडे.

"अरे, आपण सायकलने देश ओलांडतोय की लग्नाची आमंत्रणं वाटतोय?" मी विचारी.

"सुहा, टोसोरला जुलैपर्यंत बर्फ असतं."

"मग ऑगस्टमध्ये जाऊ."

"ऑगस्टमध्ये धाकट्या मावशीच्या नातवाची सुंता आहे."

एका उन्हाळ्यात हट्टाने निघालो. सरावाला म्हणून घरापासून उलट दिशेने, पश्चिमेकडे. कोच्कोरला थांबलो ते मी शिकवत असलेल्या शाळेची सुट्टी संपेपर्यंत. परतलो ट्रकमधून. मागे दोन सायकली आणि त्यांच्यामध्ये बांधलेली, भेट मिळालेली एक जिवंत मेंढी. तिने माझ्या सायकलीच्या सीटचे चामडे खाल्ले. पुन्हा निघणे झाले नाही. आधी त्याच्या आईचे आजारपण, मग माझे गुडघे, मग त्याचे हृदय.

५. झानिबेकला मोठी लोखंडी कढई द्यावी. त्यात अख्खी मेंढी मावते, त्याला शोभेल. यापलीकडे मी त्याला काही देत नाही, आणि का ते लिहून ठेवते.

कुबानिच गेला त्याच दिवशी झानिबेक कोच्कोरहून गाडी घेऊन आला.

"वहिनी, दादाला न्यायला आलोय."

"न्यायला? तो इथलाच आहे. बाहेरची बाग बघ, त्याच्या हातची आहे."

"बाग इथली, पण हाडं आमची. बाबांच्या शेजारी जागा ठेवलीय त्याची."

अंगणात दोन्हीकडचे लोक बराच वेळ भांडले. इथे असे भांडणे रीतीचेच आहे. माणसावर हक्क सांगायला कोणी आलेच नाही तर ती त्याची नाचक्की. पण रीतीत कराकोलच्या बाजूने भांडणारी मी एकटी बाई आणि चार शेजारी. ते जिंकले. बायका दफनाला जात नाहीत, म्हणून मी फाटकापाशी थांबले. गाडी कोच्कोरच्या रस्त्याला लागली. जन्मभर मी नाकारलेले ते वळण त्याने शेवटी घेतलेच. मी अजून ती कबर पाहिलेली नाही.

६. आयझिरेक येत्या उन्हाळ्यात हा मार्ग एकटी करणार आहे. काल तिने नकाशा उघडला तेव्हा झानिबेक म्हणाला, "पोरगी नारिनपर्यंत येऊन घरी नाही आली तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

"काका, झाकून ठेवा तोंड," आयझिरेक म्हणाली. "आईची रेघ सरळ आहे."

मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारले, "आई, बाबांच्या कबरीवर न जाताही सरळच जायचं का गं?"

रात्रभर चिडून पडले होते. तिच्यावर, कुबानिचवर, टोसोरच्या बर्फावर. सकाळी उठून टोसोरची रेघ मीच खोडली.

तेव्हा शेवटची सूचना, आणि ती बंधनकारक समजावी. आयझिरेक, नारिनला उत्तरेकडे वळ. दोलोनचा चढ लांब आहे, सकाळी लवकर निघ. कोच्कोरला सगळ्या घरांत जा, पण आधी कबरस्तानात जा. वडिलांना सांग की रेघ माझीच बरोबर होती. बाकी सगळे तुला हाताला धरून बसवतील, आणखी एक दिवस राहा म्हणतील. कबरीपाशी तुला कोणी धरून ठेवणार नाही. म्हणून तिथे तू आपणहून जरा जास्त थांब.

वरील मजकूर मी वाचून, समजून, आयझिरेककडून साक्षीदारांना त्यांच्या भाषेत ऐकवून सही करीत आहे.

सुहासिनी असिलबेकोवा

साक्षीदार:
रोझा मान्सुरोवा, शेजारीण
निकोलाय ग्लुश्को, निवृत्त पशुवैद्य

कराकोल, १४ मार्च २०२३